शाखांमध्ये बिगफिक्सचे रिले बसवूनही लिंक तुंबते; रचनेत काय चुकले असावे?

शाखाजाल यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो. मुख्यालय कोल्हापुरात आहे आणि कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत मिळून ६४ शाखा आहेत. संगणक एकूण सुमारे ७००. लहान शाखेत तीन-चार, तर मोठ्या शाखेत वीसपर्यंत. प्रत्येक शाखेला २ एमबीपीएसची (सेकंदाला २ मेगाबिट) एमपीएलएस लिंक, म्हणजे सेवा कंपनीच्या खासगी जाळ्यातून जाणारी जोडणी, आहे आणि मुख्यालयाच्या टोकाला ५० एमबीपीएस. कोअर बँकिंगचे सर्व व्यवहार याच लिंकवरून चालतात, त्यामुळे ती तुंबली की काउंटरवरची रांग थांबते आणि पाच मिनिटांत आमच्या विभागाचा फोन वाजू लागतो.

विंडोजचे मासिक पॅच (दुरुस्तीच्या फायली) आणि पासबुक छपाईच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या सर्व संगणकांवर पोहोचवण्यासाठी आम्ही बिगफिक्स हे सॉफ्टवेअर वापरतो. पूर्वी सगळे क्लायंट, म्हणजे फायली घेणारे संगणक, मुख्यालयातील सर्व्हरकडूनच फायली घेत असत. साधा हिशेब मांडला तर ६०० एमबीचा एक पॅच ७०० संगणकांना द्यायचा म्हणजे ४२० जीबी झाले, आणि मुख्यालयाची ५० एमबीपीएसची लिंक दुसरे काहीही न करता पूर्णपणे त्यासाठी दिली तरी साडेअठरा तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून तीन महिन्यांपूर्वी प्रत्येक शाखेतील एका संगणकावर रिले बसवला, म्हणजे सर्व्हरकडून फाइल एकदा आणून शाखेतील इतरांना वाटणारा मधला दुवा. त्यासाठी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमधील यंत्र निवडले, कारण ते तुलनेने नवे असते आणि त्यावर कामाचा ताण कमी असतो (हे वाक्य आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या वाचनात न आलेले बरे). रिले निवडण्याची पद्धत स्वयंचलित ठेवली, कारण जवळचा रिले क्लायंटने स्वतः शोधून काढावा एवढीच अपेक्षा होती.

या महिन्यातील दुसऱ्या मंगळवारचे पॅच आम्ही बुधवारी संध्याकाळी सोडले. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास लांजा, देवरूख आणि आजरा येथून जवळजवळ एकाच वेळी तक्रारी आल्या. कन्सोलमध्ये (बिगफिक्सच्या नियंत्रणाच्या पडद्यावर) पाहिले तेव्हा लांज्याच्या अकरा संगणकांपैकी केबिनमधील यंत्र सोडून एकही स्वतःच्या शाखेच्या रिलेवर नव्हता. बाकीचे दहा संगणक आठ वेगवेगळ्या शाखांच्या रिलेंवर विखुरलेले होते, आणि त्यांतला एक तर चक्क मिरजेच्या रिलेला जोडलेला होता. केबिनमधील रिले मात्र त्या वेळी व्यवस्थित चालू होता.

माझी अडचण अशी की शेजारी चालू रिले असताना क्लायंट दीडशे किलोमीटर दूरच्या शाखेत का जातो, हेच मला उमगलेले नाही. स्वयंचलित निवड बंद करून प्रत्येक क्लायंटला प्राथमिक आणि दुय्यम रिले हाताने नेमून द्यावेत का? वरिष्ठांची सूचना अशी आहे की प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य शाखेत एक मोठा रिले ठेवावा आणि त्या जिल्ह्यातील शाखांचे रिले त्याच्याखाली जोडावेत. ते योग्य ठरेल का? कॅशची (रिलेवर फायली साठवण्याच्या जागेची) आणि वेगाची मर्यादा आम्ही बसवली तेव्हा होती तशीच ठेवलेली आहे, हेही सांगून ठेवतो.


गगनबावडा यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर दडलेले आहे: रिले केबिनमधील यंत्रावर आहे आणि तक्रारी अकराच्या सुमारास आल्या. शाखेतील संगणक सकाळी कोणत्या क्रमाने चालू होतात हे एकदा पाहून घ्यावे. माझ्या अनुभवाप्रमाणे काउंटरवरची यंत्रे पावणेदहाला चालू होतात आणि केबिनमधले यंत्र साहेब येऊन बसल्यावर, म्हणजे सव्वादहाला किंवा त्यानंतर. मधल्या अर्ध्या तासात क्लायंट जागा होतो, स्वतःच्या शाखेचा रिले शोधतो, तो सापडत नाही म्हणून पुढचा शोधतो आणि जो मिळेल त्याच्याकडे नोंद करतो. केबिनमधला रिले नंतर चालू झाला तरी क्लायंट लगेच परत येत नाही, कारण चालू असलेली जोडणी तुटली नाही तर निवडीची पुढची फेरी मुळात सहा तासांनी ठरलेली असते. पावणेदहाला चुकलेला क्लायंट पावणेचारपर्यंत चुकलेलाच राहतो, आणि तोवर बँकेचा दिवस जवळजवळ संपलेला असतो.

आता तो मिरजेला का गेला, हे पाहू. स्वयंचलित निवडीत क्लायंट वेग मोजत नाही आणि किलोमीटरही मोजत नाही. तो हॉप मोजतो, म्हणजे मध्ये किती राउटर लागतात ते. सर्व रिलेंची यादी त्याच्याकडे असते, आणि ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारे साधन) ज्या युक्तीने चालते त्याच युक्तीने, आयसीएमपीच्या, म्हणजे जाळ्यातील चाचणी-संदेशांच्या, पाकिटांचे आयुष्य एकेका टप्प्याने वाढवत, तो कोणता रिले आधी उत्तर देतो हे पाहतो. शाखेतला रिले त्याच सबनेटवर (जाळ्याच्या त्याच भागात) असल्यामुळे मध्ये एकही राउटर नाही, म्हणून चालू असेल तर तोच जिंकतो. तो बंद असेल तर स्पर्धा इतर सर्वांची लागते. एमपीएलएसमध्ये सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यातील अंतर्गत टप्पे ग्राहकाला बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे लांज्याहून पाहिले तर देवरूख, आजरा आणि मिरज ही तिन्ही ठिकाणे सारख्याच हॉपवर येतात. मुख्यालय मात्र त्यांच्यापेक्षा दूर दिसते, कारण तिथे राउटरच्या पुढे फायरवॉल आणि सर्व्हरच्या व्हीलॅनचा (वेगळ्या राखलेल्या जाळ्याचा) आणखी एक टप्पा असतो. म्हणजे आपल्या जाळ्यात स्थानिक रिले नसेल तर क्लायंटने मुख्यालयात न जाता दुसऱ्या एखाद्या शाखेत जाणे हे अपवादाने घडलेले नसून नियमाप्रमाणेच घडलेले आहे, आणि त्रेसष्ट शाखा एकाच अंतरावर असल्यामुळे दहा क्लायंट आठ ठिकाणी विखुरणे हेही स्वाभाविक आहे.

याचा परिणाम दुहेरी होतो. लांज्याच्या लिंकवरून एका प्रतीऐवजी दहा प्रती आत येतात, आणि त्याच वेळी देवरूखच्या, आजऱ्याच्या लिंकवरून दुसऱ्यांसाठी प्रती बाहेर जातात. ज्या शाखेत सगळे नीट बसवलेले आहे तिलाही त्रास होतो, म्हणून तक्रार आलेल्या शाखेचाच रिले तपासत बसलो तर काहीही सापडत नाही.

हाताने प्राथमिक आणि दुय्यम रिले नेमण्याचा मार्ग चालेल, पण ७०० यंत्रांची ती वही सांभाळणे जिकिरीचे आहे. बदलीवर जाणारा अधिकारी लॅपटॉप घेऊन वैभववाडीहून इस्लामपूरला गेला की ती नोंद चुकीची ठरते आणि ती बदलायची आठवण कोणालाही राहत नाही. त्याऐवजी रिले ॲफिलिएशनचा उपयोग करावा. प्रत्येक रिले स्वतःच्या गटाचे नाव जाहीर करतो आणि प्रत्येक क्लायंट कोणत्या गटांतील रिले कोणत्या क्रमाने शोधायचा याची यादी बाळगतो. शाखेच्या रिलेने शाखेचा संकेतांक जाहीर करावा. क्लायंटच्या यादीत आधी तो संकेतांक आणि त्यानंतर मुख्यालयाचा गट असावा. यादीच्या शेवटी ताराचिन्ह घालण्याचा मोह टाळावा, कारण ज्यांनी कोणताही गट जाहीर केलेला नाही असे सर्व रिले त्या चिन्हात येतात, आणि बसवताना एखाद्या रिलेला गट द्यायचा राहून गेला तर पुन्हा तोच पसारा सुरू होतो.

ही यादी क्लायंटवर घालण्यासाठी सबनेटवर आधारलेली एक कायमची ॲक्शन, म्हणजे क्लायंटला नेमून दिलेले काम, ठेवावी. यंत्र ज्या सबनेटवर आहे त्याच्याशी यादी जुळत नसेल तर ती ॲक्शन लागू होते आणि यादी बदलते. लॅपटॉप इस्लामपूरच्या जाळ्यात गेला की थोड्याच वेळात तो इस्लामपूरचा होतो. बदलीचा आदेश संगणक विभागापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि रिले केबिनमधून हलवावा. राउटरच्या रॅकमध्ये, त्याच्याच यूपीएसवर, एखादे लहान यंत्र ठेवले तरी पुरते, कारण चौदा-पंधरा क्लायंटच्या रिलेला वेगळ्या सर्व्हरची गरज नसते. त्या यंत्राच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय असते, ती सुरू करून ठेवावी. कोकणातल्या पावसाळ्यात तिचे मोल कळते.


दीपस्तंभ यांचे उत्तर

गगनबावडा यांच्या निदानाशी मी सहमत आहे. कॅश आणि वेग यांविषयी भर घालतो, कारण तिथेही आपल्याकडे एक अडचण दबा धरून बसलेली दिसते.

रिलेच्या कॅशची मूळ मर्यादा १ जीबीच्या आसपास असते. ती ठरली त्या काळात पॅच लहान असत. आज ६०० एमबीचा एक संचयी पॅच आणि पासबुकचे सॉफ्टवेअर एकत्र आले की दुसऱ्या फाइलसाठी पहिली बाहेर काढली जाते, आणि मग उशिरा आलेल्या क्लायंटने पहिली मागितली की रिले ती पुन्हा वरून आणतो. रिले चालू आहे, क्लायंटही त्यालाच जोडलेले आहेत, आणि तरी लिंक भरलेली आहे, असे दृश्य दिसले तर सर्वप्रथम कॅश पाहावी. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांचे मासिक पॅच तर एकटेच १ जीबी ओलांडतात. शाखेच्या रिलेवर २० जीबी आणि मुख्यालयाच्या रिलेवर १०० जीबी जागा राखून ठेवावी असे माझे मत आहे. आजच्या डिस्कच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

रिले नीट चालला तर काय फरक पडतो हे वरिष्ठांना आकड्यांत दाखवता येईल. लांज्याच्या अकरा यंत्रांनी प्रत्येकी ६०० एमबी बाहेरून आणले तर ६.६ जीबी होतात आणि २ एमबीपीएसच्या लिंकला ती पूर्ण वापरूनही सात तास वीस मिनिटे लागतात. तीच फाइल रिलेने एकदा आणली तर चाळीस मिनिटे. मुख्यालयाच्या बाजूने ६४ शाखांना प्रत्येकी एक प्रत म्हणजे ३८.४ जीबी, आणि ५० एमबीपीएसवर त्याला पावणेदोन तासांच्या आत वेळ लागतो. आपण लिहिलेले साडेअठरा तास तेवढ्यावर येतात.

परंतु ती चाळीस मिनिटेही काउंटरच्या वेळेत पूर्ण लिंक खाऊन चालणार नाहीत, म्हणून वेगाला मर्यादा हवी. इथे एककांचा घोळ फार होतो आणि तो मी स्वतः करून बसलेलो आहे. लिंक विकणारी कंपनी किलोबिट आणि मेगाबिटमध्ये बोलते; रिलेने आपल्या क्लायंटना किती वेगाने द्यावे ही मर्यादा किलोबाइटमध्ये लिहायची असते; आणि क्लायंटने किती वेगाने घ्यावे ही मर्यादा मात्र नुसत्या बाइटमध्ये. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट. त्याचा तिसरा हिस्सा धरून मी ८० हा आकडा ठरवला आणि दोन्ही जागी ८० लिहिला. क्लायंटने तो ८० बाइट असा वाचला. त्या वेगाने ६०० एमबीची फाइल उतरायला सुमारे ८७ दिवस लागतात, आणि तोवर पुढचे दोन महिन्यांचे पॅच येऊन गेलेले असतात. कन्सोलमध्ये कुठेही लाल खूण दिसत नव्हती. सगळीकडे 'डाउनलोड चालू आहे' असेच लिहिलेले होते आणि ते खोटेही नव्हते.

शाखेच्या रिलेने वरून फाइल आणण्याचा वेग ८० किलोबाइटवर रोखला तर ६०० एमबीला दोन तास पाच मिनिटे लागतात आणि काउंटरला दोन-तृतीयांश लिंक मोकळी राहते. शाखेच्या आत मात्र रिले ते क्लायंट या टप्प्यावर कोणतीही मर्यादा घालू नये; तिथे स्विच आहे, त्याला काही होत नाही. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे केलेले आढळते.


पाटीपेन्सिल यांचे उत्तर

जिल्ह्याच्या मुख्य शाखेत मोठा रिले ठेवण्याची जी सूचना आहे तिच्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. ती कागदावर नीटनेटकी दिसते, कारण संस्थेची आकृती तशीच असते: मुख्यालय, जिल्हा, शाखा. पण आपले जाळे तसे नाही. एमपीएलएसमध्ये लांज्याचा डेटा रत्नागिरीवरून कोल्हापूरला जात नाही. लांजा, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तिघेही आपापल्या लिंकने एकाच ढगाला जोडलेले असतात. रत्नागिरीत मोठा रिले ठेवला आणि त्याखाली वीस शाखा जोडल्या, तर रत्नागिरीच्या लिंकवरून एक प्रत आत येईल आणि वीस प्रती बाहेर जातील. २ एमबीपीएसवर वीस प्रती म्हणजे १२ जीबी, म्हणजे तेरा तासांहून अधिक. मुख्यालयाची ५० एमबीपीएसची लिंक मोकळी ठेवून आपण रत्नागिरीच्या काउंटरला शिक्षा करणार आहोत. जिल्हा पातळीवरचा रिले तेव्हाच अर्थपूर्ण ठरतो जेव्हा त्या ठिकाणी जाड लिंक असते आणि खालच्या शाखा प्रत्यक्षात तिथूनच पुढे जोडलेल्या असतात. जुन्या भाड्याच्या लाइनींच्या काळात अशी जाळी असत, आणि त्या काळात ही सूचना बरोबर ठरली असती.

दुसरा मुद्दा थोडा वादाचा आहे. प्रत्येक शाखेत रिले हवाच का? तीन-चार यंत्रांच्या शाखेसाठी रॅकमध्ये वेगळे यंत्र घेणे, त्याला पॅच लावत राहणे, त्याची डिस्क भरली की धावपळ करणे, हा सगळा व्याप चौसष्ट ठिकाणी उभा राहतो. तीन यंत्रांच्या १.८ जीबीला पूर्ण लिंकवर दोन तास लागतात. रात्री यंत्रे चालू ठेवता आली तर हे काम रिलेशिवायही संपते. शिवाय बिगफिक्समध्ये आता पीअरनेस्टची सोय आहे: एकाच सबनेटवरील क्लायंट एकमेकांना विचारतात, कोणीतरी एक फाइल आणतो आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात. लहान शाखांत रिले काढून ही सोय सुरू करावी आणि आठ-दहा यंत्रांच्या पुढच्या शाखांतच रिले ठेवावेत, असे मी सुचवेन.


गगनबावडा यांचे उत्तर

जिल्हा रिलेविषयी आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. पीअरनेस्टविषयी थोडी सावधगिरी सुचवतो. त्यात फाइल वाटून घेतली जाते, पण प्रत्येक क्लायंटचे अहवाल आणि नोंदणी त्याच्या रिलेकडेच जाते, म्हणून लहान शाखांचे क्लायंट मुख्यालयातील ज्या रिलेवर नोंदले जातील तो आधी ठरवावा लागतो. शिवाय फाइल आणणाऱ्या यंत्रावर ती थोडा काळ राहावी लागते, आणि काउंटरवरच्या जुन्या यंत्रांत डिस्कची जागा पाहूनच हे करावे.

यातून एक सूचना निघते, जी मी आधी लिहायला हवी होती. मुख्यालयात रिले एक नव्हे, दोन प्रकारचे ठेवावेत. पहिला केवळ शाखांच्या रिलेंचा पालक. दुसरा पोरक्या क्लायंटसाठी, म्हणजे ज्यांचा स्थानिक रिले त्या घडीला उपलब्ध नाही त्यांच्यासाठी, आणि या दुसऱ्यावर वेगाची मर्यादा कडक ठेवावी. दोघांचे गट वेगळे असावेत आणि क्लायंटच्या यादीत फक्त दुसऱ्याचे नाव असावे. एखाद्या शाखेचा रिले बंद पडला तर तिथले क्लायंट हळूहळू घेत राहतील, पण लिंक तुंबणार नाही आणि पालक रिलेचा वेगही अडणार नाही. क्लायंटला काहीच सापडले नाही तर तो अखेरीस मूळ सर्व्हरकडे वळतो. तसे होऊ नये म्हणून शेवटचा आधार म्हणून कोणता रिले वापरायचा हे प्रशासनाच्या साधनात नोंदवता येते. तिथेही या दुसऱ्या रिलेचेच नाव द्यावे.


शाखाजाल यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत जे केले ते कळवतो.

सकाळच्या क्रमाविषयीचा अंदाज अचूक ठरला. लांज्याच्या नोंदी तपासल्या असता काउंटरवरची यंत्रे ९.४० ते ९.५५ च्या दरम्यान आणि केबिनमधले यंत्र १०.२५ ला चालू झालेले आढळले. त्याहून मजेची गोष्ट आजऱ्याची निघाली. तिथे केबिनमधील यंत्र रात्रभर चालूच ठेवलेले असे, पण शिपाई संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी मेन स्विच बंद करतो आणि गेली कित्येक वर्षे करत आला आहे. त्याला कोणी तसे करू नको असे कधी सांगितलेलेच नव्हते.

मोठ्या एकवीस शाखांत रिले राउटरच्या रॅकमध्ये हलवला. उरलेल्या त्रेचाळीस शाखांपैकी ज्या आठांत यंत्रांवर पुरेशी जागा आहे तिथे पीअरनेस्टचा प्रयोग चालू आहे, आणि बाकीच्यांत तूर्त रिले केबिनमध्येच आहे, पण ॲफिलिएशन लावल्यामुळे तो बंद असला तरी क्लायंट दुसऱ्या शाखेत जात नाहीत. मुख्यालयात पालक रिले आणि पोरक्यांचा रिले वेगळे केले. कॅश वाढवली. वेगाची मर्यादा लिहिताना शून्ये दोघांनी मोजली. जिल्हा रिलेचा प्रस्ताव रत्नागिरीच्या तेरा तासांचा हिशेब दाखवल्यावर मागे घेण्यात आला.

एक अडचण उरली आहे. कन्सोलमधून ॲक्शन सोडली की मोठ्या शाखांतील क्लायंट मिनिटभरात हालचाल करतात, पण सिंधुदुर्गातील सहा शाखांत ती दुसऱ्या दिवशीपर्यंत पोहोचतच नाही. या सहाही शाखांत रिले नाही, पीअरनेस्ट आहे.


दीपस्तंभ यांचे उत्तर

हे यूडीपी अडल्याचे लक्षण आहे (यूडीपी म्हणजे पोच न घेता संदेश पाठवण्याची पद्धत, टीसीपी म्हणजे पोच घेऊन). नवीन काम आले आहे अशी हाक रिले आपल्या क्लायंटला ५२३११ या पोर्टवर यूडीपीने मारतो आणि नंतर क्लायंट त्याच क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरून येऊन काम घेऊन जातो. स्थानिक रिले असलेल्या शाखेत ही हाक स्विचच्या आतच राहते, म्हणून अडत नाही. त्या सहा शाखांत ती मुख्यालयातून शाखेच्या राउटरपर्यंत येते आणि तिथल्या नियमांत बहुधा फक्त टीसीपी उघडलेले आहे. हाक ऐकू आली नाही तर क्लायंट स्वतःहून दिवसातून एकदाच विचारपूस करतो.

शक्य असल्यास तेवढे यूडीपी उघडून घ्यावे. जाळ्याचा विभाग तयार नसेल तर त्या क्लायंटवर कमांड पोलिंग सुरू करावे, म्हणजे ते ठरावीक वेळाने रिलेला विचारत राहतील. तासाला एकदा पुरे; दर पाच मिनिटांनी विचारायला लावले तर वाचवलेली लिंक त्या विचारपुशीतच थोडी थोडी खर्च होईल.

वेळेविषयीही एक सांगतो. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते आणि मायक्रोसॉफ्टचे पॅच दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला येतात. त्यामुळे 'दुसरा शनिवार' असा नियम करून ठेवण्याकडे कल होतो. पण ज्या महिन्याची पहिली तारीख बुधवार ते शनिवार यांपैकी एखाद्या वारी येते त्या महिन्यात दुसरा शनिवार दुसऱ्या मंगळवारच्या आधीच होऊन जातो, आणि मग चौथ्या शनिवारपर्यंत थांबावे लागते. आम्ही त्याऐवजी फाइल उतरवणे आणि पॅच लावणे वेगळे केले. ॲक्शन देताना अटी पूर्ण होण्यापूर्वीच क्लायंटने फाइल आणायला सुरुवात करावी असा पर्याय असतो. तो निवडला की बुधवारपासून फायली सावकाश उतरत राहतात आणि प्रत्यक्ष पॅच ठरलेल्या वेळी लागतो. त्याच पानावर ॲक्शनची सुरुवात काही मिनिटांत विभागून देण्याचाही पर्याय आहे. मोठ्या शाखांना तो लावून पाहावा.


कुंपण यांचे उत्तर

मूळ प्रश्नाचा हा भाग नाही, तरी एवढे यंत्रजाल उभे राहिले आहे म्हणून लिहितो. प्रत्येक रिले ५२३११ वर एक निदानाचे पान दाखवतो. अडचण शोधताना ते फार उपयोगी पडते, पण ते कोणालाही दिसू नये. २०१९ मध्ये बिगफिक्सच्या रिलेविषयी एक त्रुटी जाहीर झाली होती: प्रमाणीकरण सुरू केलेले नसलेला रिले इंटरनेटवर उघडा असेल तर त्या संस्थेत कोणते पॅच आणि सॉफ्टवेअर पाठवले जात आहे हे बाहेरच्या माणसाला पाहता येत होते. आपले रिले एमपीएलएसच्या आत आहेत तोवर धोका कमी आहे. परंतु वसुली अधिकाऱ्यांचे लॅपटॉप बाहेर असताना त्यांना पॅच द्यायचे म्हणून पुढेमागे एखादा रिले इंटरनेटकडे तोंड करून ठेवावा लागेल, तेव्हा क्लायंटचे प्रमाणीकरण पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे आणि निदानाचे पान बंद करावे.

जुनी कागदपत्रे शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे उत्पादन आयबीएमने २०१० मध्ये घेतले, २०१९ मध्ये ते एचसीएलकडे आले, आणि मधल्या काळात त्याचे नाव टिवोली एंडपॉइंट मॅनेजर असेही होते. सेटिंगच्या नावांत मात्र 'बीईएस' ही मूळची अक्षरे अजून तशीच आहेत, त्यामुळे उत्पादनाच्या नावाऐवजी सेटिंगच्या नावाने शोध घेतला तर तिन्ही काळांतले लेख सापडतात.


शाखाजाल यांचे उत्तर

त्या सहा शाखांच्या राउटरवर यूडीपी खरोखरच बंद होते. जाळ्याच्या विभागाने चार ठिकाणी ते उघडून दिले. उरलेल्या दोन ठिकाणी तासाला एकदा पोलिंग सुरू केले आहे. या महिन्याची पहिली तारीख गुरुवारी आली होती, म्हणून शनिवारची वाट न पाहता फाइल आधी उतरवण्याचा पर्याय वापरला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता लांज्याला मीच फोन केला. पासबुकाचे छपाईयंत्र अडकले आहे, माणूस पाठवा, एवढेच त्यांनी सांगितले.